रेंजफाइंडरवर ‘कोणताही फ्लॅश चालतो’ म्हणण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतलं हौशी छायाचित्रकारांसाठीचं सदर सोलापुरात आवडीने वाचलं जातं. म्हणूनच त्यातल्या एका वाक्याची दुरुस्ती व्हायला हवी. ‘डिजिटल रेंजफाइंडरच्या हॉट शूवर बाजारातला कोणताही फ्लॅश चालतो’ असं त्यात छापून आलं आहे. (रेंजफाइंडर म्हणजे लेन्समधून न बघता वेगळ्या खिडकीतून बघून, दोन प्रतिमा एकावर एक जुळवून हाताने फोकस करायचा कॅमेरा; हॉट शू म्हणजे त्याच्या माथ्यावरची फ्लॅश बसवायची खोबणी.) बसतो, हे खरं. बहुतेक वेळा पेटतोही. पण चुकीचा फ्लॅश एखाद्या वेळी कॅमेऱ्याचं सर्किट घेऊन जातो. आणि सर्किट वाचलं तरी पैसे भलत्याच सोयींवर गेलेले असतात. गड्डा (सिद्धेश्वरांची यात्रा) आणि पाठोपाठ लग्नसराई तोंडावर असताना लोक फ्लॅश घ्यायला बाहेर पडतात, तेव्हा हे आत्ताच सांगितलेलं बरं.

आधी कॅमेरा कोणता ते ठरवू. एप्सनचा आर-डी१ हा २००४ सालचा पहिला डिजिटल रेंजफाइंडर. मग लायकाचा एम८ २००६ मध्ये आला, एम९ २००९ मध्ये, त्यानंतर टाइप २४०, २०१७ मध्ये एम१० आणि २०२२ मध्ये एम११. नवे घेणारे विरळा, पण जुने एम८, एम९ हातोहात फिरत आपल्याकडेही पोचतात. फुजीचे एक्स-प्रो आणि एक्स१०० दिसायला तसे असले तरी ते रेंजफाइंडर नव्हेत. त्यांना फुजीसाठी बनवलेला फ्लॅश घ्या, सगळं आपोआप चालतं, विषय संपला. पुढचं सगळं खऱ्या रेंजफाइंडरबद्दल आहे.

पहिली गोष्ट ट्रिगर व्होल्टेजची. दुकानात हा शब्द काढला की बऱ्याच जणांच्या कपाळावर आठ्या पडतात, पण निम्मी निवड इथेच होते. फ्लॅशच्या पायाखाली मधोमध जो गोल पॉइंट असतो, त्यावर फ्लॅश चार्ज झाल्यावर काही व्होल्ट उभे असतात. शटर उघडलं की कॅमेरा तो पॉइंट बाजूच्या पट्टीशी जोडतो आणि फ्लॅश पेटतो. जुन्या फिल्म कॅमेऱ्यात ही जोडणी धातूच्या दोन पत्र्यांनी व्हायची, त्यांना दोनशे व्होल्टचंही काही वाटत नसे. डिजिटल कॅमेऱ्यात तेच काम इवलासा इलेक्ट्रॉनिक स्विच करतो. कॅमेऱ्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात यासाठी २४ व्होल्टची मर्यादा धरलेली आहे. आजचे फ्लॅश सहसा दहा व्होल्टच्या आत असतात. जुन्या स्टुडिओच्या कपाटातून निघणारे मात्र दोनशे-अडीचशेपर्यंत जातात. व्हिविटार २८३ चंच बघा. नाव एक, रूप एक, पण सुरुवातीचे जपानी बनावटीचे फ्लॅश घातक व्होल्टेजचे आणि नंतरचे कोरिया-चीनचे सहसा दहाच्या खाली. तेव्हा नावावर जाऊ नका, मोजा.

मोजायला डिजिटल मल्टिमीटर लागतो, साधा चालेल, फक्त त्याचा आतला अवरोध दहा मेगाओमच्या आसपास हवा. फ्लॅशमध्ये ताजे सेल घाला, मॅन्युअलवर पूर्ण ताकद लावा, रेडीचा दिवा लागू द्या आणि वर आणखी अर्धा मिनिट थांबा, कारण दिवा पूर्ण चार्ज होण्याच्या थोडा आधीच लागतो. मीटर डीसी ३०० व्होल्टच्या वरच्या रेंजवर ठेवा. लाल प्रोब मधल्या पॉइंटवर, काळा पायाच्या बाजूच्या धातूच्या पट्टीवर. पाय प्लास्टिकचा असेल तर कडेला बारीक पत्रा असतो, तो शोधा. आकडा स्थिर झाला की वाचा. दहाच्या आत असेल तर निर्धास्त राहा. दहा ते चोवीसच्या मध्ये असेल तर मानकानुसार चालायला हवा, पण महागडा कॅमेरा असलेल्याने दुसरा शोधलेला बरा. त्यापुढे सरळ परत करा. आकड्याआधी उणे चिन्ह आलं आणि प्रोब नीट लागलेले असले, तर फ्लॅशची ध्रुवता (प्लस-मायनस) उलटी आहे. तोही नको.

इथे एक चूक सर्रास होते. रेडिओ दुरुस्तीवाल्यांकडचा काट्याचा जुना मीटर वापरला जातो. फ्लॅशच्या या वाटेत मोठाले रेझिस्टर असतात आणि काट्याचा मीटर स्वतःच एवढा करंट ओढतो की दोनशे व्होल्टचे तीस-चाळीसच दिसतात. चांगल्या डिजिटल मीटरचा आतला अवरोध दहा मेगाओमच्या आसपास असतो (अगदी स्वस्तातल्यांचा एकच), म्हणून त्याचा आकडा खऱ्याच्या जवळ येतो.

स्विच जळाला तर काय दिसतं? एक तर फ्लॅश कधीच पेटत नाही, नाही तर शूवर सरकवताक्षणी आपोआप पेटतो. बाकी कॅमेरा ठणठणीत असतो, त्यामुळे मालक दोष फ्लॅशला देतो आणि दुसरा फ्लॅश घेऊन येतो. शंका आली तर आधी फ्लॅशचा मधला पॉइंट आणि कडेची पट्टी वायरच्या तुकड्याने क्षणभर जोडून पाहा, अर्थात कमी व्होल्टेजची खात्री असेल तरच. फ्लॅश पेटला तर दोष कॅमेऱ्यात. त्याआधी शूवरचे पॉइंट शाळकरी खोडरबराने हलके पुसून घ्या. आपल्याकडची धूळ आणि हाताचा घाम यांचा थर कित्येकदा एवढ्यानेच निघतो.

दुसरी गोष्ट टीटीएलची. दुकानदार ‘टीटीएल आहे’ म्हणून किंमत चढवतो, आणि कॅनन-निकॉनचा टीटीएल रेंजफाइंडरला शून्य उपयोगाचा. टीटीएल म्हणजे कॅमेरा लेन्समधून आलेला उजेड मोजतो आणि फ्लॅशला त्याची ताकद कळवतो. ही दोघांची आपसातली भाषा प्रत्येक कंपनीची वेगळी. एप्सन आर-डी१ मध्ये टीटीएल नाहीच, मधल्या पॉइंटवर फ्लॅश पेटवणं एवढंच त्याला येतं. लायकाच्या एम८ पासून पुढे टीटीएल आहे, पण तो फिल्मच्या एम६ टीटीएल आणि एम७ सारखा नाही. तिथे फिल्मवरून परतणारा उजेड प्रत्यक्ष एक्स्पोजर चालू असताना मोजला जाई. डिजिटलमध्ये मुख्य उजेडाच्या आधी छोटा उजेड टाकून मोजमाप होतं. म्हणून लायकाचाच असला तरी एसएफ २० हा जुना फ्लॅश डिजिटल एमवर टीटीएल देत नाही. ऑटो आणि मॅन्युअल मात्र व्यवस्थित चालतं. एसएफ २४डी दोन्ही जमान्यांत चालतो. मेट्झचा फ्लॅश असेल तर पायात एससीए ३५०२ हा ॲडाप्टर हवा, आणि तोही एम४ (हा कॅमेरा नव्हे, ॲडाप्टरची आवृत्ती) किंवा त्यानंतरच्या आवृत्तीचा. आवृत्ती ॲडाप्टरवर छापलेली असते, ती न बघता घेऊ नका. नव्या कॅमेऱ्यांसाठी एसएफ ४०, ६० आणि ६४ आहेत. ते चांगले आहेत. किंमतही लायकाच्या थाटातली आहे.

ज्यांना टीटीएल परवडत नाही त्यांनी हळहळू नये. रेंजफाइंडरच्या लेन्सवर ॲपर्चरची (उजेड आत येण्याच्या छिद्राची) रिंग हाताने फिरवायची असते आणि लेन्स नेमकी कितीवर आहे हे कॅमेऱ्याला कळतही नाही. अशा कॅमेऱ्याचा खरा जोडीदार म्हणजे स्वतःचा डोळा असलेला ऑटो फ्लॅश. त्याच्या पुढच्या अंगाला छोटा सेन्सर असतो. समोरून पुरेसा उजेड परत आला की आतला थायरिस्टर नावाचा स्विच फ्लॅश तोडतो. कॅमेऱ्याशी बोलायची गरजच नाही. फ्लॅशवर आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) लावा, फ्लॅश सांगेल ते ॲपर्चर लेन्सवर लावा, मर्यादेतल्या कोणत्याही अंतरावर चित्र बरोबर येतं. निकॉनचे एसबी-२८, एसबी-८०० यांत ही सोय आहे, एसबी-६०० आणि ७०० मध्ये नाही. व्हिविटार २८५एचव्ही मध्ये आहे. नव्यात गोडॉक्सचा लक्स ज्युनियर छोटा, एका पॉइंटचा आणि ऑटो असलेला आहे. त्याचा गाइड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचा आकडा) १२ आहे, म्हणजे घरगुती कार्यक्रमापुरता. गोडॉक्सचा टीटी६०० ताकदवान आणि एका पॉइंटचा, पण निव्वळ मॅन्युअल. अंतर बदललं की ताकद हाताने बदलायची. पाच-सहा पॉइंटवाले दुसऱ्या कंपनीचे फ्लॅश लायकाच्या शूवर चालतात ते मधल्या पॉइंटपुरते. त्यांचे बाकीचे पॉइंट लायकाच्या पॉइंटवर टेकत असतील तर वेडंवाकडं वागणं संभवतं, म्हणून एका पॉइंटचाच पाय पसंत करावा.

जुना ऑटो फ्लॅश घेताना सेन्सर जिवंत आहे की नाही हे दुकानातच कळतं. पांढऱ्या भिंतीपासून दीड मीटरवर उभं राहा, फ्लॅश ऑटोवर एफ/५.६ ला लावून पेटवा. रेडीचा दिवा लगेच परत लागला पाहिजे, कारण थोडीच ऊर्जा खर्च झाली. आता सेन्सरवर बोट ठेवून पेटवा. पूर्ण उजेड पडेल आणि दिवा लागायला बराच वेळ जाईल. दोन्ही वेळा सारखाच वेळ लागला तर ऑटो मेलेला आहे, मॅन्युअलच्या भावाने घ्या नाही तर सोडून द्या. शिवाय फ्लॅशचं डोकं वर वळणारं असावं आणि वळल्यावरही सेन्सर समोरच बघत राहावा. काही स्वस्त फ्लॅशमध्ये सेन्सर डोक्यातच असतो. मग उजेड छताकडे आणि डोळाही छताकडे, माणूस अंधारात.

सिंकचा वेग, म्हणजे फ्लॅशबरोबर चालणारा शटरचा सर्वात जास्त वेग, थोडक्यात. आर-डी१ वर १/१२५ सेकंद, एम८ वर १/२५०, एम९ पासून पुढे १/१८०. त्यापेक्षा वेगात गेलात तर शटरचे पडदे पूर्ण उघडलेले नसतात आणि चित्राच्या एका लांब कडेला काळा पट्टा येतो. या कॅमेऱ्यांत पडदे वर-खाली धावतात म्हणून पट्टा आडवा. रेडिओ ट्रिगर (फ्लॅश बिनतारी पेटवणारं यंत्र) वापरत असाल तर एक पायरी खाली राहा, म्हणजे लायकावर १/१२५. सिंकच्या वर जायचं असेल तर लायकाशी जुळणारा हायस्पीड सिंकवाला फ्लॅशच लागतो, आणि त्यातही ताकद बरीच घटते.

आता रेंजफाइंडरपुरती खास अशी अडचण. शू एकच, आणि त्याचे गिऱ्हाईक अनेक. २१ मिमी लेन्सचा वेगळा व्ह्यूफाइंडर तिथेच बसतो. अंगठ्याचा आधार तिथेच. टाइप २४०, एम१० आणि एम११ चा इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरही तिथेच. म्हणजे फ्लॅश लावला की हे सगळं उतरवायचं. एम८, एम९ ना वायरचं वेगळं सॉकेट नाही, त्यामुळे फ्लॅश बाजूला धरायचा तरी वायरचा ॲडाप्टर किंवा रेडिओ ट्रिगर शूवरच चढणार. टाइप २४० ला फ्लॅश जोडता येणारी हँडग्रिप आहे, पण तिची किंमत पाहून माणूस व्ह्यूफाइंडर खिशात घालणं पसंत करतो. थोडक्यात, ज्याची सगळी कामं २१ मिमीवर चालतात त्याने फ्लॅशआधी याचा विचार करावा.

उलट काही सोयींवर पैसे घालवायचं कारणच नाही. अंधारात फोकससाठी लाल किरण टाकणारा दिवा ऑटोफोकस कॅमेऱ्यासाठी असतो, रेंजफाइंडरला त्याचा उपयोग नाही. त्यापेक्षा अंतर आधीच लावून ठेवा. एम९ वर २८ मिमी लेन्स, एफ/८, फोकस ३ मीटर, एवढं केलं की साधारण दीड मीटरपासून लांबवर सगळं स्पष्ट. एम८ चा सेन्सर लहान असल्याने तीच मर्यादा पावणेदोन ते दहा मीटर. आपोआप झूम होणारं डोकंही बहुधा इथे आपोआप होत नाही, हाताने लावावं लागतं. एम८ वर २८ ची लेन्स साधारण ३७ इतकंच क्षेत्र दाखवते, म्हणून डोकं ३५ वर ठेवलं तरी कोपरे काळे पडत नाहीत आणि उजेड वाया जात नाही. आणि मोठा फ्लॅश नकोच. एम९ चं वजन ५८५ ग्रॅम. त्यावर चार सेलचा दणकट फ्लॅश चढवला की कॅमेरा फ्लॅशच्या बाजूला कलंडतो, पट्टा मानेत रुततो. लहान फ्लॅशचंही एक दुखणं आहे. डोकं ठेंगणं असलं आणि लेन्सला मोठा हुड (पुढे लावायचं सावलीचं नळकांडं) असला, की जवळच्या माणसाच्या चित्रात खालच्या कडेला अर्धगोल सावली पडते. फ्लॅश लावताना हुड काढा. रेंजफाइंडरमध्ये आपण लेन्समधून बघत नसल्याने ही सावली घरी गेल्यावरच दिसते.

गाइड नंबर बघताना खोक्यावरचा मोठा आकडा वाचून भुलू नका. तो बहुधा डोकं १०५ किंवा २०० मिमीपर्यंत झूम करून मोजलेला असतो. रेंजफाइंडरवाले वापरतात २८, ३५, ५०. एसएफ ४० चा ४० हा आकडा १०५ चा आहे, ३५ ला तो २७ वर येतो. माहितीपत्रकात ३५ मिमी आणि आयएसओ १०० समोरचा आकडा शोधा. मग हिशोब सरळ: गाइड नंबरला मीटरमधल्या अंतराने भागलं की ॲपर्चर. आयएसओ चौपट झालं की गाइड नंबर दुप्पट. गाइड नंबर २० चा फ्लॅश एम९ वर आयएसओ ६४० ला साधारण ५० चा होतो, म्हणजे पाच मीटरवर एफ/१०. छतावरून उजेड परतवायचा असेल तर छत सव्वातीन मीटर आणि माणूस तीन मीटरवर धरा. उजेडाचा रस्ता साडेचार मीटरच्या आत, पण छत दोनेक स्टॉप (दर स्टॉपला उजेड निम्मा) खातं, म्हणून एफ/५.६. घरगुती कामाला एवढं पुष्कळ झालं. मंगल कार्यालयात मात्र छत बघून ठरवा. वर लाल-केशरी कापड ताणलेलं असेल तर नवरा-नवरी दोघंही केशरी येतात, आणि उंच पत्र्याच्या शेडला कुठलाच छोटा फ्लॅश पुरत नाही.

गड्ड्यातल्या रात्रीच्या मिरवणुकीत ऑटो फ्लॅश हमखास फसतो. नंदीध्वज धरणाऱ्यांच्या अंगात पांढरी बाराबंदी, मागे काळं आकाश. सेन्सरला चौकटीत बहुतांश काळंच दिसतं, तो उजेड तोडायला उशीर करतो आणि बाराबंदीची एक घडी शिल्लक राहत नाही, नुसता पांढरा डाग. उपाय सोपा आहे. फ्लॅश एफ/४ सांगत असेल तर लेन्स एफ/५.६ वर ठेवा. हेच दिवसा सावलीत, सगळी चौकट पांढऱ्या कपड्यांनी भरली असेल तेव्हा नेमकं उलट होतं आणि लेन्स एक स्टॉप उघडावी लागते. शटर १/३० वर आणलं तर ध्वजांवरची रोषणाईही चित्रात येते. होम मैदानावरच्या शोभेच्या दारूकामाला फ्लॅश बंद करावा, आकाशापर्यंत त्याचा उजेड पोचत नाही. दरवर्षी शेकडो फ्लॅश आभाळाकडे लखलखताना दिसतात आणि पुढच्या माणसाची पाठ तेवढी उजळून निघते.

लायका टीटीएलवर असताना आधी छोटा उजेड पडतो, हे लग्नात दुसऱ्या कोपऱ्यात साधा स्लेव्ह फ्लॅश (दुसऱ्या फ्लॅशचा उजेड दिसताच पेटणारा) लावणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. स्लेव्ह त्या पहिल्या उजेडालाच पेटून मोकळा होतो आणि खऱ्या चित्राच्या वेळी रिकामा असतो. मॅन्युअल किंवा ऑटोवर ही कटकट नाही.

एम८ वाल्यांसाठी वेगळी सूचना. त्याचा सेन्सर अवरक्त किरण बराच पकडतो आणि फ्लॅशच्या झेनॉन नळीतून ते भरपूर बाहेर पडतात. नवरदेवाचा काळा सिंथेटिक सूट जांभळट येतो तो त्यामुळे. फ्लॅश बदलून हे जात नाही, लेन्सवर यूव्ही-आयआर कट फिल्टर लावूनच जातं.

सेलबाबत: एसएफ २० आणि २४डी ला सीआर १२३ए लिथियमचे दोन सेल लागतात, रात्री अकराला कोपऱ्यावरच्या दुकानात ते मिळतील या भरवशावर राहू नका. पेन्सिल सेलच्या फ्लॅशला निकेल-मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल घाला. व्होल्टेज कमी वाटलं तरी त्यांचा आतला अवरोध कमी असल्याने फ्लॅश अल्कलाइनपेक्षा लवकर भरतो. नवे-जुने सेल मिसळू नका. उन्हाळ्यात वीस-पंचवीस वेळा सलग पूर्ण ताकदीने पेटवलात तर दहा मिनिटं थांबा, नाही तर पुढची प्लास्टिकची काच वितळून पिवळी पडते. काम संपलं की सेल काढून ठेवा.

वर्षानुवर्षं कपाटात पडलेला फ्लॅश आणला असेल तर लगेच पूर्ण ताकदीने पेटवू नये. आतला कॅपॅसिटर आळसावलेला असतो. सेल घालून रेडीचा दिवा लागल्यावर दहा-पंधरा मिनिटं तसाच चालू ठेवा, मग कमी ताकदीवर पाच-सहा वेळा पेटवा, मग पूर्ण ताकद. गुणगुण आवाज येतो, पण दिवा लागतच नाही, असं असेल तर कॅपॅसिटर गेला. तो घरी उघडू नका. सेल काढल्यावरही त्यात तीनशेच्या घरात व्होल्ट राहतात.

नव्या पेठेतल्या आणि इतर भागांतल्या दुकानदारांना आपल्या दैनिकामार्फत एक विनंती आहे. जुना फ्लॅश विकायला ठेवताना त्याचं ट्रिगर व्होल्टेज मोजून आकडा आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी त्याच्या पायाजवळ चिकटवावी. दोन मिनिटांचं काम आहे. आकडा चोवीसच्या वर असेल तर ‘फक्त फिल्म कॅमेऱ्यासाठी’ असं लिहावं. तसे फ्लॅश जुन्या यांत्रिक कॅमेऱ्यांवर अजूनही उत्तम चालतात आणि घेणारेही आहेत. पुरवणीनेही वरच्या वाक्याची दुरुस्ती त्याच सदरात, त्याच जागी छापावी. सदर कापून ठेवणारे वाचक बरेच आहेत.

आपले,
कॅमेरा व फ्लॅश दुरुस्ती करणारे काही वाचक,
सोलापूर